एकच शिट्टी वाफेवर वेगळी आणि कॉम्प्रेसरवर वेगळी का वाजते? (वाफेच्या इंजिनांच्या शिट्ट्यांचे वेडे कोणी आहेत का इथे?)

खर्जातला_प्रवासी

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे हे आधीच सांगतो. मला वाफेच्या इंजिनांच्या शिट्ट्यांचं वेड आहे. म्हणजे इंजिनंही आवडतातच, पण चाकांची रचना अमुक आणि सिलिंडर तमुक असं कोणी सुरू केलं की मी पाचव्या मिनिटाला हरवतो, शिट्टी मात्र एकदा ऐकली की डोक्यात बसते ती बसतेच.

तर प्रश्न असा. माझ्याकडे एकाच शिट्टीच्या दोन क्लिप आहेत. एकीत ती चालत्या इंजिनावर वाजतेय, खरी वाफ, खरा बॉयलर. दुसरीत तीच शिट्टी नंतर एका संग्राहकाने स्टँडवर बसवून कॉम्प्रेस्ड हवेवर वाजवलीय. शिट्टी तीच, पितळ तेच, मधे कोणी काही कापलेलं घासलेलं नाही असं तो स्वतः सांगतो. आणि तरी हवेवरचा आवाज चांगलाच खाली आहे, जरा बसका, आणि शेवटी तर अजून खाली घसरत जातो. वाफेवरची मात्र सुरुवातीला किंचित गुरगुरते आणि मग झपकन वर चढून स्थिर होते. मग या शिट्टीचा "खरा" स्वर कोणता म्हणायचा?

दुसरं म्हणजे जुन्या टेपवरून कॉपी केलेल्या क्लिपांचं एक अख्खं फोल्डर माझ्याकडे आहे, कशावरही नाव नाही. स्वर बघून शिट्टीचा प्रकार ओळखता येतो का? मी कीबोर्ड घेऊन सूर लावत बसलो होतो पण काही जुळेना.

---

मेकॅनिकलवाला

वा, मस्त धागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, जरा लांबेल.

शिट्टीत हलणारं काहीच नसतं. खाली एक वाटी, तिच्या कडेने गोल बारीक फट, त्या फटीतून वाफेचा पातळ पडदा वर सुटतो आणि वर टांगलेल्या पितळी घंटेच्या धारेवर आपटतो. तो पडदा धारेच्या आत-बाहेर हेलकावे खातो आणि घंटेच्या आतला वायूचा खांब घुमायला लागतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर होतं तेच, फक्त इथे फुंकर बॉयलरची. घंटा वरून बंद आणि खालून उघडी, त्यामुळे तिच्यात लहरीचा पाव भाग मावतो. म्हणजे कंपनसंख्या = ध्वनीचा वेग भागिले घंटेच्या लांबीची चौपट.

आता गंमत या "ध्वनीच्या वेगात" आहे. साध्या हवेत २० अंशाला तो सेकंदाला ३४३ मीटर. १०० अंशाच्या वाफेत तोच ४७० च्या वर जातो, एक तर वाफ गरम आणि वर पाण्याचे रेणू हवेपेक्षा हलके. ३० सेमीची घंटा घ्या, हवेवर हिशोबाने साधारण २८५ हर्ट्‌झ येतात आणि वाफेवर ३९० च्या आसपास. सा वरून निघून शुद्ध मध्यमाच्याही थोडं पुढे. प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही कारण घंटेत बाहेरची हवा थोडीफार मिसळतेच, पण दोन-तीन स्वर सहज सरकतात.

तुमचं गुरगुरणंही यातच आलं. झडप उघडली तेव्हा घंटा थंड आणि हवेने भरलेली, पाइपात थोडं पाणी साठलेलं. आधी ते पाणी उडतं, मग हवा बाहेर ढकलली जाते, घंटा तापते, आणि तसतसा स्वर वर चढतो. आणि कॉम्प्रेसरवर शेवटी घसरतो कारण या शिट्ट्या हवा अक्षरशः पितात, टाकी रिकामी होत जाते, दाब उतरतो, वर प्रसरण पावणारी हवा थंडही होते. तिन्ही गोष्टी स्वर खाली खेचणाऱ्या.

---

शंकेखोर

वाचतोय. एक बाळबोध शंका, दाब वाढवला तर स्वर वाढतो की नुसता आवाज मोठा होतो?

---

मेकॅनिकलवाला

@शंकेखोर दोन्ही. दाब वाढला की स्वर थोडा चढतो, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे शिट्टी मूळ स्वर सोडून एकदम वरच्या स्वरावर उडी मारते आणि किंचाळायला लागते. ही हद्द ठरते फट आणि घंटेची धार यांच्यातल्या अंतरावर, त्याला शिट्टीवाले कट-अप म्हणतात. जास्त दाबाच्या बॉयलरला अंतर जास्त लागतं. म्हणूनच एका इंजिनावर गोड वाजणारी शिट्टी उचलून दुसऱ्यावर लावली की कधी किंचाळते नाहीतर नुसती फुसफुसते, आणि लोक म्हणतात शिट्टी बिघडली. शिट्टीला काही झालेलं नसतं, बऱ्याच जणांची मधल्या दांड्यावर घंटा वर-खाली करायची सोय असते, तेवढं जमवलं की झालं.

---

जुना_बॉयलर

कॉम्प्रेसरवरची शिट्टी ही शिट्टीच नव्हे असं माझं स्पष्ट मत आहे. प्रदर्शनात ठेवायला ठीक. हे लोक घरामागे टाकी बसवून व्हिडिओ टाकतात आणि खाली कमेंट येतात की अमुक कंपनीच्या शिट्टीचा ऑथेंटिक साउंड, कसला ऑथेंटिक डोंबलाचा.

आणि धागाकर्त्याने "खरा स्वर" विचारलाय त्यावर, कारखान्यातून निघालेल्या शिट्टीला एक खरा स्वर नसतोच. बॉयलरचा दाब, वाफ ओली की कोरडी, झडप कोणती, दोरी किती ओढली, या सगळ्याचा मिळून आवाज होतो. अमेरिकेत तर ड्रायव्हर लोक दोरी अर्धी-पाऊण ओढत सोडत शिट्टीला अक्षरशः गायला लावायचे, क्विलिंग म्हणायचे त्याला. लाइनीकाठची माणसं नुसत्या शिट्टीवरून आज कोण ड्रायव्हर आहे ते ओळखायची. केसी जोन्सचं उदाहरण प्रसिद्धच आहे, १९०० साली मिसिसिपीत व्हॉनला अपघातात गेला तो. त्याची शिट्टी सहा बारीक नळ्या एकत्र बांधलेली, सगळ्यात आखूड नळी सगळ्यात लांब नळीच्या निम्मी, म्हणजे वरचा सा खालचा सा दोन्ही हजर. त्यातून तो व्हिपपूरविल पक्ष्यासारखी लकेर काढायचा, आपल्या रातव्याच्या कुळातला पक्षी आहे तो, हळू सुरू करून चढवत न्यायची आणि मग विरवत सोडायची. आता ती शिट्टी तुम्ही कॉम्प्रेसरवर लावून बटण दाबून वाजवा, काय हाती लागणार?

---

टेपरेकॉर्डर

जुना_बॉयलर यांच्याशी अर्धा सहमत. दोरीचं खरंच आहे. पण ज्या इंजिनांचं केव्हाच भंगार झालंय त्यांच्या शिट्ट्या उरल्यात त्या या संग्राहकांमुळेच, तेवढं श्रेय तरी द्या राव.

धागाकर्ते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, माझा आवडता विषय. कीबोर्डवर सूर लावत बसू नका. जुन्या टेपचा वेग कधीच धड नसतो, मशीन जरा हळू चाललं की सगळंच खाली सरकतं. त्यात गाडी तुमच्याकडे येतेय की लांब जातेय यावरही स्वर बदलतो. ताशी ७२ किमीने येणाऱ्या गाडीची शिट्टी जवळजवळ अर्धा स्वर चढी ऐकू येते आणि पुढे निघून गेली की अर्धा स्वर उतरी. म्हणजे ड्रायव्हर सा वाजवतोय, तुम्हाला आधी कोमल रे ऐकू येतो आणि मग खालचा शुद्ध नी. डॉप्लरचा हा नियम तपासला तोही रेल्वेवरच, १८४५ साली नेदरलँड्समध्ये उत्रेख्तजवळ बाइस बालट नावाच्या शास्त्रज्ञाने वादक गाडीत बसवून आणि रुळाकाठी तयार कानाचे लोक उभे करून. असो.

मुद्दा काय, तर स्वर बघू नका, स्वरांमधलं अंतर बघा. टेप हळू असो, गाडी पळत असो, वाफ असो नाहीतर हवा, सगळे स्वर जवळजवळ एकाच प्रमाणात सरकतात, त्यांचं एकमेकांशी गुणोत्तर बदलत नाही. चाइम शिट्टीत घंटेच्या आत पडदे घालून वेगवेगळ्या खोलीचे कप्पे केलेले असतात, तीन, पाच, सहा, आणि हे गुणोत्तर म्हणजे त्या कप्प्यांच्या खोलीचं उलटं गुणोत्तर.

करायचं असं. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिट्टीचा मधला स्थिर तुकडा निवडा (सुरुवात आणि शेवट सोडून), स्पेक्ट्रम (कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे त्याचा आलेख) काढा, जी उंच टोकं दिसतील ती लिहून घ्या आणि सगळ्यांना सगळ्यात खालच्याने भागा. सव्वा आणि दीड आलं तर सा-ग-प, तीन कप्प्यांची चाइम बहुतेक. सव्वाऐवजी एक पूर्णांक दोन आलं तर कोमल गंधार, ती उदास वाजते, अमेरिकन रात्रीच्या गाडीची म्हणून जी ऐकतो ना आपण, तसली. एकच टोक असेल तर साधी एककप्पी.

एक सापळा आहे. वरून बंद नळीत मूळ स्वराच्या तिपटीवरही टोक येतं, हा वरच्या सप्तकातला पंचम. त्याला वेगळा कप्पा समजू नका.

---

शंकेखोर

जबरी! पण मग रात्री शिट्टी इतकी लांबून ऐकू येते ते का? हाही डॉप्लरच का?

---

मेकॅनिकलवाला

नाही, ते हवेच्या थरांमुळे. दिवसा जमिनीजवळची हवा गरम, ध्वनी वर वळून निघून जातो. शांत निरभ्र रात्री जमीन आधी गार होते, खाली थंड हवा आणि वर त्यामानाने उबदार, मग ध्वनी खाली वाकून लांबवर जमिनीलगत पोचतो. शिवाय बाकी गोंगाट नसतो. खालचे सूर हवेत कमी विरतात, म्हणून लांबून जाड आवाजाची शिट्टी जास्त चांगली पोचते.

---

गार्डाचा_डबा

उशिरा आलो पण आलो :) ब्रिटिश शिट्ट्यांचा उल्लेखच नाही झाला अजून म्हणून लिहितो.

तिकडे कंपनीगणिक आवाज वेगळा. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनावर दोन शिट्ट्या शेजारी शेजारी, एक नेहमीची आणि दुसरी जाड आवाजाची, ती गार्डला ब्रेक लाव म्हणून सांगायला. लंडन मिडलँड अँड स्कॉटिशवर (एलएमएस) स्टॅनिअर या रचनाकाराच्या इंजिनांना भोंग्यासारखा घोगरा हूटर, तो अनेकांना आवडत नाही, मला फार आवडतो, धुक्यात ऐकावा. आणि लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नची (एलएनईआर) ए-४ वर्गाची इंजिनं, ती गुळगुळीत नाकाची. १९३५ च्या सिल्व्हर लिंकपासून त्यांना तीन सुरांची चाइम आहे, आणि ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल गाठणारी मॅलार्ड याच वर्गातली. ही चाइम मुळात अमेरिकन वळणाची, क्रॉसबी पद्धतीची. त्याआधी १९३४ साली या इंजिनांचा रचनाकार ग्रेस्लीने कॉक ओ' द नॉर्थ या इंजिनावर अशी चाइम लावली होती, ती त्याला रॉम्नी हाइथ अँड डिमचर्च या पिटुकल्या रेल्वेच्या कॅप्टन हाउईकडून मिळालेली. म्हणजे १५ इंची रुळांवर गाड्या चालवणाऱ्या माणसाकडून शिट्टी आली आणि ती पुढे जगातल्या सगळ्यात वेगवान वाफेच्या इंजिनाच्या वर्गाची ओळख झाली.

शिट्टीचा जन्म कुठला यावर मात्र भांडणं आहेत. नेहमीची गोष्ट अशी की १८३३ साली लेस्टर अँड स्वॉनिंग्टन रेल्वेवर सॅमसन नावाचं इंजिन फाटकावर लोणी-अंडी घेऊन बाजाराला निघालेल्या गाडीवर आदळलं, ड्रायव्हरने तोंडाने वाजवायचा कर्णा वाजवला पण तो ऐकूच गेला नाही, मग मॅनेजर बॅगस्टरने सुचवलं की कर्णा वाफेवर का वाजवू नये, आणि इंजिनवाल्या जॉर्ज स्टीफन्सनने गावातल्या वाद्यं बनवणाऱ्याकडून तो करून घेतला. गोष्ट झकास आहे, पण ती सांगणारा क्लेमंट स्ट्रेटन हा पुष्कळ नंतरचा लेखक आणि इतिहासवाले त्याच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. दुसरीकडे वेल्समध्ये डाउलेसच्या लोखंड कारखान्यात एड्रियन स्टीफन्स याने त्याच सुमारास बॉयलरवर शिट्टी बसवली, पाणी कमी झालं की इशारा मिळावा म्हणून. त्यामुळे रेल्वेची शिट्टी मुळात रेल्वेची आहे का हाच प्रश्न.

---

जुना_बॉयलर

लोणी-अंड्यांची गोष्ट मला पहिल्यापासून संशयास्पद वाटते, माल काय होता हे इतकं तपशिलात ज्याला आठवतं त्याच्यापासून लांब राहावं.

बाकी ए-४ ची चाइम गोड आहे हे मान्य, पण जरा जास्तच गोड. नॉरफोक अँड वेस्टर्नच्या मालगाडीच्या इंजिनांचा एकसुरी हूटर ऐका, दरीतून घुमत येतो तो. चाइम चाइम करून लोकांनी साध्या एककप्पी शिट्टीला उगाच गरीब ठरवलंय.

---

टेपरेकॉर्डर

एन अँड डब्ल्यूच्या हूटरला +१, हजार वेळा. ते आवाज आज ऐकायला मिळतात यात ओ. विन्स्टन लिंकचा मोठा वाटा. १९५५ ते १९६० त्याने त्या रेल्वेचे शेवटचे वाफेचे दिवस टिपले, रात्री फ्लॅशचे दिवे लावून काढलेले फोटो सगळ्यांना माहीत आहेत, पण त्याने ध्वनिमुद्रणंही केली. ब्रिटनमध्ये तेच काम पीटर हँडफर्डने केलं, सिनेमाचा साउंडवाला माणूस, पुढे ऑस्करही मिळालं त्याला. १९५० च्या दशकातली जडशीळ यंत्रं घेऊन हा माणूस रात्रीबेरात्री घाटात जाऊन बसायचा. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी कधीच एकटी नसते, आधी लांबून इंजिनाचे फुत्कार, मग सिग्नलची तार ओढल्याचा आवाज, मग शिट्टी, मग बराच वेळ डबे. आजकालच्या क्लिपा बघा, शिट्टीच्या आधी दोन सेकंद आणि नंतर एक सेकंद, कापून मोकळे.

कोणी रेकॉर्ड करायला जाणार असेल तर एवढंच सांगतो, ऑटो लेव्हल (रेकॉर्डरने आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करायची सोय) बंद करा. फुत्कारांवर लेव्हल लावली की शिट्टी आली की सगळं फाटतं, आणि फाटलेली शिट्टी कुठल्याच सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. लेव्हल शिट्टीच्या हिशोबाने लावा, बाकी हळू आलं तर आलं. माइकला केसाळ टोपी घाला, आणि लांब उभे राहा, शंभर पावलांवरून ती जास्त छान येते.

---

रुळांवर_मांजर

मी शिट्टीवाली नाही, नवरा आहे :D त्याच्याबरोबर हेरिटेज गाड्या बघून बघून थोडंफार कळायला लागलंय. माझी शंका, त्या अमेरिकन गाड्या प्रत्येक फाटकावर लांब-लांब-आखूड-लांब असंच का वाजवतात? नवऱ्याचं म्हणणं मोर्समध्ये तो क्यू आहे, म्हणजे क्वीन, राणीचं जहाज येतंय बाजूला व्हा.

---

गार्डाचा_डबा

@रुळांवर_मांजर नवऱ्याला सांगा गोष्ट सुंदर आहे पण जुळत नाही. अमेरिकन नियमपुस्तकात पूर्वी फाटकासाठी दोन लांब दोन आखूड होतं, शेवटचं आखूड नंतर लांब झालं. राणीचा इशारा असता तर पहिल्यापासून क्यूच असायला हवा होता ना. शेवटचा लांब फाटक ओलांडेपर्यंत ओढून धरायचा असतो, त्यात व्यवहार दिसतो, राणी दिसत नाही.

अवांतर: डिझेल आल्यावर पहिले भोंगे एकसुरी होते, लोकांना ते ट्रकचे वाटायचे. मग कॅनडाच्या रॉबर्ट स्वॉन्सनने वाफेच्या चाइमसारखे सूर मुद्दाम जुळवून हवेचे अनेकसुरी भोंगे बनवले, १९४९ च्या सुमारास. आजच्या उत्तर अमेरिकन डिझेलचा भोंगा कानाला ओळखीचा वाटतो त्याचं कारण हे.

---

खर्जातला_प्रवासी

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

टेपरेकॉर्डर यांनी सांगितलं तसं ऑडॅसिटीत बसलो काल. आधी माझ्या त्या दोन क्लिपा घेतल्या. वाफेवरच्या क्लिपमध्ये तीन टोकं, भागाकार सव्वा आणि दीडच्या अगदी जवळ. हवेवरच्या क्लिपमध्ये तिन्ही टोकं खाली सरकलेली पण भागाकार परत सव्वा आणि दीड! स्क्रीनकडे बघून एकटाच हसत होतो. वर तिपटीचं टोकही आहे, सापळ्याचं वाचलं नसतं तर चौथा कप्पा सापडला म्हणून नाचलो असतो.

मग फोल्डर उघडलं. बऱ्याचशा साध्या एककप्पी निघाल्या (जुना_बॉयलर खूश व्हा). एक मात्र अडलीय. खालून दुसरं टोक एक पूर्णांक दोनच्या आसपास, तिसरं दीड, आणि त्यावर अजून दोन. पाच कप्प्यांची असेल का? आणि स्वर मधेच लवतो आणि परत चढतो, टेपचा दोष म्हणावा तर मागचा फुत्कारांचा ठेका हलत नाहीये.

---

टेपरेकॉर्डर

ठेका हलत नसेल तर टेप निर्दोष आहे, तो ड्रायव्हरचा हात आहे. क्विलिंग. वरची दोन टोकं किती येतात ते लिहा, आणि क्लिप टाका इथे, पूर्ण टाका, शिट्टीपुरती कापू नका.

---

जुना_बॉयलर

आणि एमपी-थ्री नको, वेव्ह टाका.